तीन बोटांचा अंदाज

“साहेब, ऑपरेशन हर्नियाचं हाय, तोंड कशाला बघायलाव?”

भूम-परंड्याकडचा पन्नाशी उलटलेला शेतकरी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी असं विचारतो, तेव्हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. दुखणं जांघेत, आणि हा भुलीचा डॉक्टर म्हणतोय, “मामा, ताठ बसा. तोंड जितकं उघडेल तितकं उघडा. जीभ बाहेर काढा. ‘आ’ म्हणू नका, नुसती बाहेर काढा.” मग तो मामांना स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगतो. मान मागे टाकायला लावतो, हनुवटीखाली बोटं ठेवून काहीतरी मोजतो, खालच्या दातांनी वरचा ओठ चावून दाखवा म्हणतो. जाता जाता मामींकडे वळून विचारतो, “हे रात्री घोरतात का?”

दोन-तीन मिनिटांत आटपणारा हा तपास शस्त्रक्रियेच्या कागदांत जेमतेम एक ओळ व्यापतो. तो नेमकं काय शोधतो, कितीदा बरोबर ठरतो आणि चुकतो तेव्हा माणूस कशामुळे वाचतो, ते या प्रकरणात पाहू.

भूल म्हणजे झोप नव्हे

झोपेत आपण श्वास घेतो, कूस बदलतो, घोरता घोरता श्वास अडला तर दचकून जागे होतो. पूर्ण भुलीत यातलं काहीच होत नाही. स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, घशाची वाट बुजते. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं असेल तर छातीचा भाताही थांबतो. त्या क्षणापासून रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. तो चालू ठेवायचे मुख्य मार्ग दोन. तोंडावर मास्क घट्ट धरून पिशवी दाबायची, नाहीतर स्वरयंत्रातून श्वासनलिकेत नळी घालायची. दोन्ही जमलं नाही, तर काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये बोस्टनला झालं. श्वासाची वाट सांभाळण्याची विद्या मात्र सावकाश आली. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर या १५ वर्षांच्या मुलीला पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला, आणि ती काही मिनिटांत गेली. हृदय आधी थांबलं की श्वास, हा वाद त्यानंतर काही दशकं चालला.

त्या वादाचा एक मोठा अंक आपल्याच मुलखाच्या तेव्हाच्या राजधानीत, हैदराबादला, रंगला. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यातला नळदुर्ग जिल्हा होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पाठबळावर एडवर्ड लॉरी या इंग्रज डॉक्टरने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ चालवली. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना पाठवलं, त्याचा खर्च निजामाने उचलला. शेकडो जनावरांवर प्रयोग करून लॉरीने निष्कर्ष काढला की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयही एकाएकी बंद पडू शकतं. म्हणजे लॉरी अर्धा चुकला होता. उरलेलं अर्धं, ‘श्वासावर नजर ठेवा’, आजही भूलशास्त्राचा पहिला धडा आहे. त्याच काळात हैदराबादला शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

आडात डोकावताना

नळी घालायची म्हणजे ती तोंडातून घशात आणि तिथून वळून स्वरयंत्राच्या दोन पांढुरक्या पट्ट्यांमधून खाली न्यायची. अडचण अशी की तोंडाची दिशा एक, घशाची दुसरी आणि श्वासनलिकेची तिसरी. लॅरिंजोस्कोप नावाचं दिव्याचं वाकडं पातं जीभ बाजूला सारतं, जबडा उचलतं आणि या तीन दिशा शक्य तितक्या एका रेषेत आणतं. आडाच्या काठावर फांदी आडवी आली की तळाचं पाणी दिसत नाही. इथे ती फांदी म्हणजे जीभ. ती सारायला जागा आहे का, एवढंच आदल्या दिवशीच्या बहुतेक चाचण्या आपापल्या परीने विचारतात.

जीभ बाहेर काढायला लावणारी चाचणी मल्लमपटी यांच्या नावाने ओळखली जाते. बोस्टनमध्ये काम करणारे हे मूळचे भारतीय भूलतज्ज्ञ. तोंडाच्या मानाने जीभ मोठी असेल तर ती मागची पडजीभ झाकून टाकते, आणि जी जीभ पडजीभ झाकते ती उद्या स्वरयंत्रही झाकेल, हा त्यांचा तर्क. १९८५ मध्ये त्यांनी तो २१० रुग्णांवर तपासून प्रसिद्ध केला. त्यांनी तीन वर्ग केले होते, १९८७ मध्ये सॅमसून आणि यंग यांनी चौथा जोडला. पडजीभ पूर्ण दिसली तर पहिला वर्ग. मऊ टाळूसुद्धा दिसेना, फक्त पुढचा कडक टाळू दिसला, तर चौथा. ‘आ’ म्हणायचं नाही, कारण आवाज काढताच टाळू वर उचलला जातो आणि वर्ग फसवा चांगला दिसतो.

हनुवटीखालचं मोजमाप पाटील यांच्या नावाने चालतं. १९८३ मध्ये पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. मान पूर्ण मागे टाकून कंठमण्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंतचं अंतर साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे ढोबळ तीन बोटं, भरलं पाहिजे. ही जागा म्हणजे जीभ दाबून ठेवायची खोली. हनुवटी आखूड असली की खोली लहान, आणि जीभ पुन्हा वाटेत येते. ओठ चावायची चाचणी २००३ मध्ये तेहरानच्या खान यांनी सुचवली. खालचा जबडा किती पुढे येतो आणि वरचे दात किती पुढे आहेत, ते तिच्यात एकाच वेळी कळतं.

आता मान. संधिवाताने ताठलेली, जुन्या अपघाताने आखडलेली, किंवा चुलीच्या नाहीतर स्टोव्हच्या भाजण्यानंतर कातडी ओढली जाऊन हनुवटी छातीकडे खेचली गेलेली. अशी मान मागे वळत नाही, आणि तीन दिशा एका रेषेत येत नाहीत. जुन्या मधुमेहात सांध्यांभोवतीच्या ऊती कडक होतात. म्हणून डॉक्टर मधुमेही रुग्णाला चक्क नमस्कार करायला सांगतो. तळहात आणि बोटं सपाट जुळली तर ठीक. बोटांमध्ये फट राहिली तर मानेचे सांधेही असेच कडक असतील, अशी शंका घ्यायची.

मास्कचं गणित वेगळं आहे. फ्रान्समध्ये लांजरों आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १,५०२ रुग्णांचा अभ्यास केला. मास्कने श्वास देणं कठीण जाण्याच्या पाच खुणा त्यांना सापडल्या: वय ५५ च्या वर, अंगाने स्थूल, दाढी, दात नसणं आणि घोरणं. दाढीमुळे मास्कच्या कडेने हवा निसटते. दात नसतील तर गाल आत जातात आणि मास्क टेकायला आधार मिळत नाही. तुळजापूरच्या मुलखात दाढी नवसाचीही असते. समजूतदार भूलतज्ज्ञ अशा वेळी वस्तरा पुढे करत नाही. दाढी का हवी-नको ते सांगतो, आणि राहणारच असेल तर तिच्यासकट बेत आखतो.

पुडीने मिटत गेलेलं तोंड

उघड्या तोंडात तीन बोटं मावणं ही सगळ्यांत साधी चाचणी. आपल्याकडे तिला वेगळंच वजन आहे. कारण गुटखा, मावा आणि सुपारी.

सतत सुपारी चघळणाऱ्याच्या तोंडात आधी जळजळ सुरू होते. ज्याला ठेचा-भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नव्हतं, त्याला साधी आमटीही तिखट लागते. मग गालांच्या आतला नाजूक थर पांढरट आणि कडक होत जातो, त्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात, आणि तोंड तीन बोटांवरून दोनवर, दोनवरून एकावर येतं. सुपारीतली अरेकोलिनसारखी रसायनं आणि तिच्यातलं तांबं यांमुळे ऊतींत कोलॅजन साठत जातं आणि ते मोडण्याचं काम मंदावतं. केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी हा विकार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं. आज तो ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणून ओळखला जातो आणि कर्करोगाआधीच्या विकारांत गणला जातो.

भूलतज्ज्ञाला या तोंडाची धास्ती वाटते त्याला कारण आहे. दाढेच्या दुखण्याने किंवा गळवाने तोंड मिटलं असेल, तर वेदना आणि स्नायूंची आखड हे त्यामागचं एक कारण असतं, आणि भुलीत ते काही वेळा सैल पडतं. सुपारीचे पट्टे भुलीने सैल होत नाहीत. औषध दिल्यावरही तोंड एका बोटाचंच राहतं. लॅरिंजोस्कोपचं पातं आत जात नाही, बाकीची साधनंही अडखळतात. आणि हा रुग्ण बहुधा म्हातारा नसतो. पंचविशी-तिशीतला धडधाकट पोरगा असतो, त्याला पाहून कुणाला शंका येत नाही. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. पुडी मात्र टपरीवरून पूर्ण हटलेली नाही, हे कुणालाही दिसतं. म्हणून “काही खाता का?” या प्रश्नाला आईबापांसमोर मान हलवून ‘नाही’ म्हणणारा तरुण नकळत डॉक्टरच्या हातातला सर्वांत उपयोगी धागा तोडतो. अनुभवी डॉक्टर नातेवाइकांना बाहेर पाठवून तोच प्रश्न पुन्हा विचारतात.

अंदाज किती खरा?

एवढ्या चाचण्या केल्यावर धोका आधीच कळत असेल, असं वाटेल. डेन्मार्कमधल्या नोंदी वेगळं सांगतात. २०१५ मध्ये तिथल्या १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांत नळी घालणं कठीण गेलेले ३,३९१ जण होते, आणि त्यांतल्या ९३ टक्क्यांच्या बाबतीत आधी कुणालाही शंका आली नव्हती. उलट ज्यांच्याबद्दल शंका घेतली होती, त्यांतल्या चारांपैकी तिघांना काहीच अडचण आली नाही. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात १३३ अभ्यास आणि आठ लाखांहून जास्त रुग्ण एकत्र केले. त्यात ओठ चावायची चाचणी सर्वांत बरी ठरली, तरी दहा कठीण रुग्णांपैकी साधारण सातच तिने पकडले. मल्लमपटीने पाच, आणि तोंड किती उघडतं या एकट्या मोजमापाने जेमतेम दोन.

असं का होतं? एक तर कठीण वाट मुळात विरळ. हजारांत वीसेक जण कठीण असतील, तर बऱ्यापैकी चांगली चाचणीसुद्धा उरलेल्या नऊशे ऐंशींतून पुष्कळ निर्दोष माणसं संशयाने बाजूला काढते. दुसरं, या चाचण्या बाहेरून बघतात. जिभेच्या मुळाशी लपलेली गाठ किंवा वाढलेली ऊती तोंड उघडून दिसत नाही.

मग तपास करायचा कशाला? धाराशिवच्या माणसाला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. हा पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण जिल्हा. पावसाचा अंदाज इथे किती वेळा हुकतो, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. तरी शेतकरी अंदाज ऐकतो. सगळं बी एकाच दिवशी मातीत टाकत नाही, तुरीत आंतरपीक घेतो, दुबार पेरणीपुरतं बी राखून ठेवतो. अंदाजावर विसंबत नाही, पण अंदाजामुळे तयारीला लागतो. घशाच्या तपासाचंही असंच आहे. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की शंका बळावते. एकही दिसली नाही तरी दुबारचं बी हाताशी ठेवायचंच.

दुबारचं बी

त्यातलं पहिलं बी म्हणजे प्राणवायू. भूल देण्याआधी तीन मिनिटं मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला, तर फुफ्फुसातल्या हवेतला नायट्रोजन निघून जातो आणि छातीत प्राणवायूचा साठा तयार होतो. निरोगी प्रौढाचा श्वास थांबल्यावर रक्तातला प्राणवायू ९० टक्क्यांपर्यंत उतरायला मग साधारण आठ मिनिटं लागतात. हा साठा केला नाही, तर एक-दीड मिनिट. अतिस्थूल माणसात साठा करूनही तीनेक मिनिटं मिळतात. गरोदर स्त्रीतही हा साठा लवकर संपतो, कारण वाढलेलं गर्भाशय फुफ्फुसाची जागा घेतं आणि शरीराला प्राणवायूही जास्त लागतो. प्रसूतीच्या वेळी पूर्ण भूल दिलेल्या स्त्रियांत साधारण ३९० मध्ये एकीला नळी घालता येत नाही, असं काही दशकांच्या अभ्यासांवरून दिसतं. सीझरला शक्य तिथे कमरेतून भूल देतात, त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं बी म्हणजे पर्यायांची रांग. नळी जमली नाही, तर स्वरयंत्राच्या वर टेकणारी दुसरी नळी. ब्रिटिश डॉक्टर आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये शोधलेल्या लॅरिंजियल मास्कच्या घराण्यातली. तीही नाही जमली, तर मास्क. तोही नाही, तर गळ्याच्या पुढून, कंठमण्याखालच्या पडद्याला छेद देऊन थेट वाट. ‘ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन’ने २०१६ मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांसाठी हीच उतरंड लिहून काढली. नळीचे प्रयत्न मोजकेच करा, प्रत्येक प्रयत्नाच्या मध्ये प्राणवायू द्या, मदतीला वेळेत हाक मारा. दरवेळी ओरबाडल्याने घसा सुजतो आणि उघडी असलेली वाटही मिटते.

ही रांग तोंडपाठ असून पुरत नाही, हे एलेन ब्रोमिली यांच्या मृत्यूने जगाला शिकवलं. २९ मार्च २००५ रोजी इंग्लंडमध्ये ३७ वर्षांच्या या स्त्रीला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. मास्क जमेना, नळी जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, साधनं होती. एक परिचारिका गळ्याला छेद देण्याची साधनं घेऊन आली, पण डॉक्टरांचं लक्ष नळीवरच खिळलेलं होतं. एलेन काही दिवसांनी गेल्या. त्यांचे पती मार्टिन वैमानिक होते. विमान अपघातात माणूस का चुकतो याचा तपास होतो, तसा इथेही व्हावा, असा त्यांनी आग्रह धरला आणि पुढे त्यासाठी संस्था उभी केली. दोष त्यांनी कुणाला दिला नाही. कनिष्ठाने मोठ्याने बोलावं आणि वरिष्ठाने ऐकावं, एवढंच मागितलं.

२०११ मध्ये ब्रिटनच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. वर्षभरात अंदाजे २९ लाख पूर्ण भुली दिल्या गेल्या. त्यांत श्वासमार्गाच्या १३३ गंभीर घटना आणि १६ मृत्यू घडले. प्रमाण फार कमी, पण त्यामागची कारणं ओळखीची होती. तपास नीट झालेला नव्हता. किंवा झाला, शंका आली, आणि तरी बेत बदलला नाही. शंकेची खूण कागदावर लिहून नेहमीचीच वाट धरली, तर तो तपास वायाच जातो.

बेत बदलणं म्हणजे काय? हर्नियाच्या मामांना कमरेतून भूल देता येईल का, ते पाहणं. एका बोटाच्या तोंडाला भूल देण्याआधी, घसा बधिर करून, रुग्ण जागा आणि स्वतः श्वास घेत असताना, नाकातून दुर्बिणीने नळी घालणं. कॅमेऱ्याचा लॅरिंजोस्कोप हाताशी ठेवणं. आणि यातलं काही जवळ नसेल, तर रुग्णाला आदल्या दिवशीच मोठ्या रुग्णालयात पाठवणं.

आपल्या जिल्ह्यात हा शेवटचा पर्याय जीव वाचवू शकतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर, आणि त्यातली जवळपास ८३ टक्के खेड्यांत. धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं २०२२ मध्ये. त्याआधी अवघड रुग्णाची वाट सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाईची होती. तालुक्याच्या ठिकाणाहून यांपैकी कुठेही जायचं तर वेळ तासांत मोजावा लागतो, आणि श्वास मोजावा लागतो मिनिटांत. मोठ्या शहरात अडचण आल्यावर शेजारच्या थिएटरमधून दुसरा भूलतज्ज्ञ धावत येतो. इथे भूलतज्ज्ञ अनेकदा एकटाच असतो. म्हणून त्या तीन मिनिटांच्या तपासाची किंमत पुण्या-मुंबईपेक्षा उमरगा, कळंब किंवा परंड्यात जास्त आहे.

या तपासाचा अर्धा भाग रुग्णाच्या हातात असतो. घोरत असाल तर सांगा. गुटखा, मावा, सुपारी खात असाल तर लाजू नका. डॉक्टर तुम्हाला रागावण्यासाठी विचारत नाही. हलणारा दात, कवळी, जुनं भाजणं, मानेचं दुखणं, दम्याचा पंप, सगळं सांगा. पूर्वी कधी भूल दिली असेल, तर तिचे कागद पिशवीतून काढून दाखवा. आणि भुलीतून उठल्यावर कुणी म्हणालं की नळी घालायला त्रास झाला, तर ते लिहून मागा आणि ती चिठ्ठी रेशनकार्डासारखी जपून ठेवा. सगळ्या चाचण्या मिळून जे सांगतात, त्याहून खात्रीचं त्या चिठ्ठीवरच्या एका ओळीत असतं.

आणि डॉक्टर जीभ बाहेर काढा म्हणाले, तर काढा.